स्पीकर मुरायला ठेवले होते

"वहिनी, ते बंद करा हो. हात जोडते तुमच्यापुढे."

दारात शेजारच्या सिस्टर उभ्या होत्या. डोळे तांबारलेले, केस पिंजारलेले, गाऊनवर घाईघाईने ओढलेली ओढणी. रात्रपाळी करून आलेली बाई भर दुपारी अशी दारात येते म्हणजे पाणी नाकाशी आलेलं असणार, हे सांगायची गरज नव्हती.

"फार आवाज होतोय का?" तिने विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला ओशाळल्यासारखं झालं. मागच्या खोलीतला घुमारा इथे दारातसुद्धा तळपायांना जाणवत होता.

"आवाज असता तर कानात बोळे घालून झोपले असते. हा नुसता आवाज नाही हो. हे उशीत शिरतं, दातांत शिरतं. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. काल वॉर्डात एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला देता देता राहिले."

ती मागे गेली आणि तिने बटण बंद केलं.

फळीवर आठ नवे कोरे स्पीकर ओळीने मांडले होते. अजून लाकडी पेट्यांत न बसवलेले, उघडेवाघडे. मागे जडशीळ मॅग्नेट, पुढे काळ्या कागदाचा खोलगट कोन. इतका वेळ पुढेमागे हलणारे सगळे कोन एकदम थांबले. सभागृहाची दुरुस्ती संपत आली होती, पुढच्या आठवड्यात ते उघडायचं होतं, आणि तिथल्या जुन्या पेट्यांत हे स्पीकर बसायचे होते. मॅनेजर रोज फोन करायचा.

"अहो बाई, नवे आहेत ना? मग बसवून टाका की. मुरवताय काय, लोणचं आहे का ते?"

मुरवणं हा तिच्या नवऱ्याचा शब्द. नवा स्पीकर अंग आखडून असतो, असं तो म्हणायचा. कोनाच्या कडेची घडी ताठ असते, आतली जाळी ताठ असते. तसाच पेटीत बसवून दणकन वाजवला तर आवाज कोता येतो आणि एखादा फाटतोही. म्हणून आधी त्याला काही दिवस एकाच खोल, घुमणाऱ्या सुरावर नुसतं हलवत ठेवायचं. "नवी चप्पल घालून कुणी यात्रेला निघतं का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाजारातले बाकीचे हसायचे. दीर तर तोंडावर म्हणायचा, की दादाचं हे खूळ आहे. खरं-खोटं तिला आजवर कळलेलं नव्हतं. तो करायचा, म्हणून तीही करत होती. त्याच्या हातचं काम तिच्या हाती आलं तेव्हा त्यातलं काय खरं आणि काय खूळ, हे निवडायला कुणी शिकवलंच नव्हतं.

सिस्टरना तसंच परत पाठवणं तिला जड गेलं. दीड वर्षापूर्वी नवरा दुकानात उभ्या उभ्या कोसळला, तेव्हा हीच बाई अनवाणी धावत आली होती. तोंडातला फेस स्वतःच्या पदराने पुसून, त्याला कुशीवर वळवून, गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो वाचला तो तिच्यामुळे. असल्या उपकाराची परतफेड म्हणून तिची झोप मोडायची?

"बसा, चहा टाकते," ती म्हणाली.

"आता झोप उडालीच आहे. टाका."

खिडकीपाशी खुर्चीत नवरा बसला होता, काठी शेजारी भिंतीला टेकवलेली. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा सकाळी तिने ठेवून दिला होता तसा. सिस्टर त्याच्याकडे वळून जरा मोठ्याने म्हणाल्या, "काय दादा, बरं आहे ना?"

"उद्या," तो म्हणाला.

एवढा एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता. बाजारात सगळे त्याला भोंगा म्हणायचे. दुकानात बोलला की चौकात ऐकू जायचं, आणि बोलायला विषय लागायचा नाही. त्या माणसाची उजवी बाजू गेली आणि जाताना जीभ घेऊन गेली. बरेच दिवस काहीच नाही. मग एका सकाळी तिने "दूध घेता का?" विचारलं तर तो स्पष्ट म्हणाला, "उद्या." तिला रडूच कोसळलं. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं; एखादाच शब्द राहतो, जो आयुष्यभर सर्वांत जास्त वापरलेला असतो तो. आणि ते अगदी खरं होतं. दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाने जन्मभर दुसरं काय सांगितलेलं असतं? उद्या या. उद्या नक्की. उद्या घेऊनच जा. गिऱ्हाइकं सुरुवातीला हळहळली, नंतर आपापसात हसू लागली. भोंग्याचं सगळं गेलं पण वायदा गेला नाही, म्हणायची. तीही हसायची. हसलं नाही तर दिवस ढळत नाही.

चहाचा कप हातात घेऊन सिस्टर म्हणाल्या, "तुमचीही तब्येत उतरलीय वहिनी. दिवसभर दुकान, वर ह्यांचं सगळं."

एवढंच कुणी म्हणायचा अवकाश होता. कोंडून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. अंघोळ घालताना कंबर धरते. मुलगी रविवारी फोन करते तेव्हा बाबांच्या वतीने मीच बोलते, बाबा मजेत आहेत म्हणून सांगते. रात्री कूस बदलून द्यायची. आणि एवढं करून समोरच्या माणसाला काही पोचतंय की नाही, याचा पत्ता नाही.

"त्यांना समजतं का हो सगळं?" सिस्टरनी आवाज खाली आणून विचारलं.

"डॉक्टर म्हणतात समजत असेल. मला नाही वाटत. घरात एखादं कपाट असावं ना, तसं झालंय. पुसायचं आणि ठेवायचं." ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण जिभेला हाड नसतं. "खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही धावत आला नसता ना, तर बरं झालं असतं. त्यांचंही सुटलं असतं, माझंही."

"हळू बोला, वहिनी."

"उद्या," खिडकीकडून आवाज आला.

ती फस्सकन हसली. हसताना चहा कपाबाहेर हिंदकळला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, बशीत नीट बसवला आणि म्हणाल्या, "आम्ही बेशुद्ध पेशंटच्या उशाशीसुद्धा असं बोलत नाही." मग त्यांनाच ते जरा कडक वाटलं असावं. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या निघून गेल्या.

त्या संध्याकाळी नवऱ्याने दोनच घास खाल्ले. पोट बिघडलं असेल म्हणून तिने ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुढे दुकानात दिराशी फोनवर बोलत होती. दिराचं नळाच्या सामानाचं दुकान. त्याला गोडाऊन म्हणून ही जागा हवी होती, आणि दर चार दिवसांनी तो तोच विषय काढायचा. शत्रू नव्हता तो. भावाच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बाकावर झोपला होता. पण एखादी गोष्ट संपली असं त्याने मनात ठरवलं की ती त्याच्या लेखी संपायची.

"कशाला जिवाचं रान करताय, वहिनी? हे सभागृहाचं काम उरका आणि शटर ओढा. दादाला काय, इथे बसला काय न् माझ्याकडे बसला काय."

"बघू," ती म्हणाली. "आज तसेच बसवून टाकते स्पीकर. मुरवायचे राहिले तर राहिले. सिस्टरची झोप मोडून..."

आतून काहीतरी जड वस्तू सरकल्याचा आवाज आला. मग खडखडाट.

फोन तसाच टाकून ती धावली. तिच्या मनात एकच चित्र होतं, तो जमिनीवर पडलाय. पण तो पडला नव्हता. खिडकीची खुर्ची रिकामी होती. मागच्या खोलीत, फळीला डावी कूस टेकवून तो उभा होता आणि एका हाताने मॅग्नेटला धरून एक स्पीकर पालथा करत होता. बिन-आजारी माणसालाही दोन हात लागतील असं ते वजन. स्पीकर निम्मा फळीबाहेर लोंबत होता.

"अहो, काय करताय? सोडा ते. पडाल ना." तिने हात पुढे केला. त्याने कोपराने तो बाजूला सारला. जोर नव्हता, पण आजारी माणूस झटकतो तसंही ते नव्हतं. काम करणारा माणूस मध्येच आलेल्याला सरकवतो, तसं होतं.

छातीने ढकलत, दम खात त्याने तो स्पीकर शेजारच्या स्पीकरवर नेला. खालचा उताणा, वरचा पालथा. तोंडाला तोंड लागेपर्यंत, कडेवर कड बरोबर बसेपर्यंत तो सारत राहिला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मग वरच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींचे चिमटे काढले. एक तोंडात धरला. काळ्याच्या जागी लाल लावला, लालच्या जागी काळा. चिमटा दोनदा निसटला. ती तशीच बघत उभी होती. मदत करावी हे तिला सुचलंच नाही.

त्याने बटणाकडे बोट दाखवलं.

तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. कान टवकारल्यावर अगदी बारीक गुणगुण ऐकू येत होती, बंद डब्यात माशी असावी तशी. "बिघडला वाटतं," ती पुटपुटली. त्याने मान हलवली आणि तिचं मनगट धरून तिची बोटं दोन्ही स्पीकरांच्या मधल्या कडेवर टेकवली. कड थरथरत होती. आतले दोन्ही कोन पूर्वीसारखेच, पूर्ण ताकदीने हलत होते. एक बाहेर येत होता तेव्हा दुसरा आत जात होता, आणि मधली हवा मधल्या मध्ये ढकलली जात होती. बाहेर यायला आवाजच उरत नव्हता.

त्याने सिस्टरच्या भिंतीकडे बोट केलं. मग डावा तळवा गालाखाली धरून डोळे मिटले. झोपू दे तिला.

कोपऱ्यात जुनी गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिच्याकडे त्याने हनुवटीने खूण केली. ती फळीवर अंथरायची, म्हणजे थरथर भिंतीत जाणार नाही, हे तिला आता आपोआप कळलं. दोघांनी मिळून आठांच्या चार जोड्या लावल्या. उचलणं तिचं, वायरींचे चिमटे त्याचे. वरून एक जाड रजई टाकली. खोलीत इतकी शांतता झाली की पुढच्या दुकानात फोनमधून दीर "हॅलो, हॅलो" करत होता तेही ऐकू आलं.

आणि तिला आठवलं, मुलगी तान्ही होती तेव्हा ही खोली महिनोन्महिने अशीच गप्प असायची. तेव्हा तिला वाटलं होतं, पोरीच्या झोपेसाठी त्याने मुरवणं बंद ठेवलंय. बंद नव्हतं तर. एवढा बोलका माणूस, गल्लीभर फुशारक्या मारणारा, पण हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिनेही कधी रजई उचलून पाहिलं नव्हतं.

तिला आनंदच झाला. त्याला समजतंय. सिस्टरची तक्रार त्याला समजली होती, मॅनेजरचे फोन समजले होते, आत्ता फोनवर ती काय बोलली तेही समजलं होतं. मुलीला सांगायला हवं, डॉक्टरांना सांगायला हवं. ती त्याच्याकडे वळून हसली आणि हसता हसताच थांबली.

सिस्टर तक्रार घेऊन आल्या त्याच बैठकीत ती बोलली होती. चार हातांच्या अंतरावर. कपाट. बरं झालं असतं. सुटलं असतं.

बराच वेळ ती रजईची कड सारखी करत राहिली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काल मी सिस्टरशी बोलत होते... ते तुम्ही ऐकलंत?"

तिला वाटलं होतं तो गोंधळेल, नाहीतर उद्या म्हणेल. तिने वर पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याने एकदाच, सावकाश मान हलवली. हो.

"मी दमले होते हो," ती म्हणाली. आणखी काही बोलावं असं तिला वाटत होतं, पण जे जे सुचत होतं ते सगळं स्वतःच्याच बाजूचं होतं. तो फळी धरून उभा होता आणि त्याचा चांगला पायही आता लटपटू लागला होता. तिने खुर्ची ओढून आणली. तो बसला. तिच्या हाताला धरून बसला, पण बसल्यावर हात सोडून दिला.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट बदलली. ती त्याला काही विचारायची आणि थांबायची. आधी प्रश्नही तीच करायची आणि उत्तरही तीच देऊन मोकळी व्हायची. जेवता का, चला जेवून घ्या. आता विचारून झालं की ती हातातलं काम बाजूला ठेवून उभी राहायची. कधी तो मान हलवायचा, कधी बोट दाखवायचा, कधी काहीच नाही. थांबायला वेळ लागतो, आणि तिच्यापाशी वेळ मुळातच कमी होता. कधी कधी तिचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा ती चिडून म्हणालीही, "सांगा ना लवकर, दूध उतू जातंय." पण थांबली. त्या थांबण्यातून त्याचं मन वळलं की नाही, हे तिला कळत नव्हतं. पूर्वी तो रागावला की गल्लीला कळायचं. आता राग आहे की नुसता थकवा, हे ओळखायला तिच्यापाशी काही साधन नव्हतं.

मध्ये सिस्टर डोकावून गेल्या. "मी म्हटलं म्हणून काम बंद नका हो ठेवू," असं संकोचाने म्हणाल्या. तिने त्यांना आत नेऊन रजईवर हात ठेवायला लावला. तळव्याखालची थरथर कळली तशा सिस्टर चकित होऊन म्हणाल्या, "हे चालू आहे? आणि मी तिकडे घोरत होते."

"ह्यांनी केलं," ती म्हणाली. सिस्टरनी आधी तिच्याकडे आणि मग खुर्चीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला दिसलं की त्यांनाही त्या दुपारची तीच गोष्ट आठवली होती. जाताना खुर्चीपाशी वाकून, नेहमीसारखा आवाज न चढवता म्हणाल्या, "झोप लागली बरं का, दादा. शांत."

शनिवारी दीर एका सुताराला घेऊन जागा बघायला आला. सुतार टेप लावून भिंती मोजत होता आणि दीर हातवारे करत सांगत होता, इथे मांडणी, तिथे पाइप, हा खुर्चीचा कोपरा मोकळा झाला की दार रुंद करता येईल. खुर्चीत भाऊ बसलेला होता. सुतार टेप घेऊन त्याच्या पायांवरून वाकला.

"भाऊजी," ती म्हणाली, "जागा त्यांची आहे. त्यांना विचारा."

दीर हसला. "वहिनी, चेष्टा नका करू. दादाला काय विचारायचं?"

"विचारा तर खरं."

सुतारासमोर पेच नको म्हणून दीर खुर्चीपुढे उकिडवा बसला. लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "दादा, जागा मला देतोस ना? गोडाऊनला?"

नवऱ्याने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सुताराच्या टेपकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, काहीतरी जुळवत राहिले. तिघंही थांबले. शेवटी तो म्हणाला, "उद्या."

"बघा," दीर उठत म्हणाला, "आहे का काही त्यात?"

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "उद्या या."

सुताराने खाली मान घालून टेप गुंडाळली. दीर तिच्याकडे बघत राहिला. रागवावं की हसावं हे त्याला ठरवता येईना. जाताना दाराशी थांबून त्याने मागे वळून भावाकडे एक नजर टाकली, जरा निराळी, जरा घाबरल्यासारखी. त्यानंतर जागेचा विषय त्याने काढला नाही. निदान त्या महिन्यात तरी नाही.

सभागृहात स्पीकर बसवायला ती सकाळीच गेली. तिथला वायरमन शिडीवर, ती खाली. पेट्यांत एकेक स्पीकर बसत गेला. नवऱ्याला तिने बरोबर आणलं होतं. मॅनेजरला ते फारसं रुचलं नव्हतं. पायऱ्या आहेत, कुठे धडपडले तर, असं तो दोनदा म्हणाला. तरी पेट्या बंद करून झाल्यावर त्याने पहिल्या रांगेतली खुर्ची स्वतः रुमालाने पुसली. "काका, इथे बसा. इथून मस्त ऐकू येईल."

नवरा बसला नाही. काठी टेकत तो मधल्या वाटेने वर निघाला.

"अहो, कुठे निघाले ते?"

"मागे," ती म्हणाली. "ते शेवटच्या रांगेतून ऐकतात. पुढच्याला कसंही ऐकू येतं म्हणतात, तिकीट मागच्यानेही काढलेलं असतं."

म्हणायचे नव्हे, म्हणतात, असं ती बोलून गेली. मॅनेजरने ते दुरुस्त केलं नाही.

वाट चढाची होती. डावा पाय पुढे, मग काठी, मग उजवा पाय फरफटत. दर दोन-तीन रांगांना खुर्चीची पाठ धरून तो उभा राहत होता. ती धावत जाऊन त्याला धरणार होती. एक पायरी उतरलीही. मग रंगमंचाच्या कडेलाच उभी राहिली. मॅनेजरने घड्याळ पाहिलं आणि मशीनच्या बटणाकडे हात नेला. "तोवर आपण लावून तर बघू."

"थांबा," ती म्हणाली.

मॅनेजर थांबला. वायरमन शिडीवर थांबला. झाडू मारणारी बाईसुद्धा कचऱ्याचा ढीग तसाच ठेवून उभी राहिली. मोठ्या रिकाम्या सभागृहात फक्त काठी टेकल्याचा आणि बूट घासत गेल्याचा आवाज येत होता, आणि तो कितीतरी वेळ येत राहिला.

शेवटच्या रांगेपर्यंत दिवे पोचत नव्हते. तो तिथे आत शिरला, चाचपडत मधोमध गेला आणि बसला. काठी कुठेतरी घसरून पडली. ती त्याने उचलली नाही. इतक्या लांबून तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. अंधारात सदऱ्याचा पांढरा ठिपका तेवढा होता. ती त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली.

बऱ्याच वेळाने डावा हात वर झाला.

"लावा," ती म्हणाली.